पोडियम पार्किंगचा गळका एक्स्पान्शन जॉइंट: पुण्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडची एक सोसायटी, तीन टॉवर आणि तिन्हींना जोडणारा एकच मोठा पोडियम. पोडियमवर ओपन पार्किंग, ड्राइव्ह-वे आणि कडेने झाडांचे वाफे, खाली सगळं कव्हर्ड पार्किंग. सोसायटीचं आणि बिल्डरचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळलेत. मी या कामात सोसायटीच्या बाजूने तांत्रिक सल्लागार होतो.

पोडियम साधारण ९० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ४५ मीटरपेक्षा लांब स्ट्रक्चरला सहसा एक्स्पान्शन जॉइंट देतात, त्यामुळे इथेही बरोबर मधोमध एक जॉइंट होता, म्हणजे दोन्ही बाजूंना स्वतंत्र कॉलम, स्वतंत्र बीम आणि मधे २५ मिमीची फट जी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत ३० मीटर सलग जाते.

ही फट जिवंत असते हे आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे खडी काळ्या पाषाणाची, त्या काँक्रीटचं प्रसरण दर अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण ०.००९ मिमी. ऐकायला काहीच नाही वाटत, पण ४५ मीटरचा तुकडा धरा आणि मे महिन्यातली दुपार ते डिसेंबरातली पहाट यात स्लॅबच्या तापमानात २० अंशांचा फरक धरा, तर हिशोब ८ मिमीच्या आसपास जातो. म्हणजे २५ ची फट उन्हाळ्यात २१ होते आणि थंडीत २९.

त्रास काय होता

पावसाळ्यात जॉइंटच्या खालच्या रांगेतल्या गाड्यांवर पाणी ठिबकायचं. नुसतं पाणी असतं तर लोकांनी पुसून सोडून दिलं असतं, पण हे पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवून आणतं आणि बॉनेटवर सुकलं की पांढरे डाग पडतात, ते धुऊन जात नाहीत, पॉलिश करूनही पुसट खूण राहतेच. खालचे लोक गाडीवर ताडपत्री टाकायचे, काहींनी तर वर पत्र्याचे तुकडे तारेने टांगले होते. जॉइंटच्या कडेने बीमला पांढऱ्या चुन्याच्या नळ्या लोंबायला लागल्या होत्या, टू-व्हीलरच्या कोपऱ्यात फरशी निसरडी होऊन एक-दोघं घसरले होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे इलेक्ट्रिकची केबल ट्रे नेमकी या जॉइंटच्या खालून आडवी गेली होती त्यामुळे मोठा पाऊस झाला की पार्किंगमधले लाइट ट्रिप व्हायचे.

कमिटीच्या डोक्यात हा प्रश्न गाड्यांच्या डागांचा होता. मला जास्त काळजी बीमच्या कडांची वाटत होती. हातोडीने ठोकून बघितलं तर दोन-तीन ठिकाणी पोकळ आवाज येत होता आणि एका जागी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटून सळई दिसत होती. सतत ओल, मग सुकणं, परत ओल, यात सळई गंजते, गंज जागा जास्त घेतो आणि काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. कॅनडात ओंटारिओमधल्या एलियट लेक गावात १९८० साली उघडलेला एक मॉल होता, त्याच्या छतावर पार्किंग होतं आणि ते जवळजवळ पहिल्यापासून गळत होतं, तीस वर्षांहून जास्त काळ बादल्या आणि ताडपत्र्या लावून चालवलं, शेवटी गंजलेला बीम-कॉलमचा सांधा तुटून २३ जून २०१२ ला पार्किंगचा भाग खाली आला आणि दोन बायकांचा जीव गेला. तिथलं स्ट्रक्चर स्टीलचं होतं, बर्फ वितळवायचं मीठ गाड्यांबरोबर येत होतं म्हणून गंज वेगाने झाला. आपल्याकडे मीठ नाही, वेग कमी आहे, पण "गळतंय तर गळू दे, गाडी हलवा" ही वृत्ती तीच. मीटिंगमध्ये मी हे सांगितलं ते कोणाला घाबरवायला नाही, तर बजेट बोलताना हा विषय पेंटच्या डागांपुरता राहू नये म्हणून.

आधी काय काय करून झालं होतं

पझेशननंतर पहिल्याच पावसात गळायला लागलं, मग बिल्डरच्या माणसांनी जॉइंटमध्ये वरून पॉलिसल्फाइड सीलंट (फट बुजवायचं रबरासारखं मटेरियल) भरलं. दुसऱ्या पावसात एका कडेने सुटलं. परत भरलं, वर ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली, दोन्ही बाजूंनी स्क्रू मारून. आता पट्टी दोन्हीकडून पक्की म्हटल्यावर फट उघडली-मिटली की ती कुठे जाणार, काही महिन्यांत वाकली आणि स्क्रू उपटले. मग सोसायटीने स्वतःच्या खर्चाने खालून पीयू (पॉलीयुरेथेन) इंजेक्शन करून घेतलं, ते एक पावसाळा बऱ्यापैकी टिकलं आणि थंडीत फट उघडल्यावर चिरलं.

यात कोणी मुद्दाम वाईट काम केलं असं मला वाटत नाही. पण सीलंटचं गणित कोणी केलं नव्हतं. ही सगळी कामं मे महिन्यात झाली, कारण पावसाळ्याच्या तोंडावरच सगळ्यांना आठवण येते. मे मध्ये फट सगळ्यात बारीक असते, २१ मिमी. त्यात भरलेलं सीलंट पुढे २९ पर्यंत ताणलं जाणार, म्हणजे ८ मिमी, म्हणजे मूळ रुंदीच्या ३८ टक्के. चांगल्या प्रतीचं सीलंट साधारण २५ टक्के ताण सहन करतं. शिवाय आत बॅकर रॉड, म्हणजे सीलंटखाली घालायची फोमची दोरी, नव्हता, स्लॅब ओतताना घातलेलं थर्माकोल तसंच ठेवून त्याच्यावर भरलेलं, त्यामुळे सीलंट खालीही चिकटलेलं आणि दोन्ही बाजूंनाही, असं तीन बाजूंनी धरलेलं सीलंट मोकळेपणाने ताणतच नाही, फाटतं.

तपासणीत काय सापडलं

कमिटीची अपेक्षा होती की मी चांगल्या कंपनीचं सीलंट सुचवीन आणि विषय संपेल. खरं वळण दिलं ते वॉटरप्रूफिंगच्या मिस्त्रींनी. परतीच्या पावसानंतर आम्ही खाली उभं राहून बघत होतो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, पाऊस थांबून दोन दिवस झाले, वर सगळं वाळलंय, मग हे पाणी अजून येतंय कुठनं?"

प्रश्न एकदम रास्त होता. फटीतून सरळ खाली पडणारं पाणी पाऊस थांबल्यावर तासाभरात थांबायला हवं. दोन दिवस ठिबकतंय याचा अर्थ पाणी कुठेतरी साठलंय.

मग कडक ऊन पडेपर्यंत थांबलो आणि मार्चमध्ये पाँडिंग टेस्ट, म्हणजे पाणी साठवून गळती बघायची चाचणी, तुकड्यातुकड्याने घेतली. जॉइंटच्या दोन्ही अंगांना विटांचे बांध घातले, आधी फक्त पूर्वेच्या भागात पाणी भरलं, जॉइंट पूर्ण कोरडा ठेवला. दुसऱ्या दिवशी जॉइंटखाली ठिबक सुरू. वरून जॉइंटवर थेंबही पडलेला नसताना. पश्चिमेच्या भागातही तेच. नंतर जॉइंटशेजारी मीटरभर पट्टा फोडून बघितला तर वरचं काँक्रीट ठणठणीत कोरडं आणि खालचा ब्रिकबॅट कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) चिंब, विटेचा तुकडा हातात दाबला की पाणी निघत होतं. थर्माकोलही पाणी पिऊन जड झालेलं.

म्हणजे पाणी वरच्या काँक्रीटच्या भेगांतून आणि वाफ्यांतून कोब्यात शिरत होतं, कोब्यातून स्लॅबच्या अंगाने हळूहळू सरकत जॉइंटच्या कडेला येत होतं आणि सीलंटच्या खालून फटीत उतरत होतं. वरून जगातलं सगळ्यात भारी सीलंट भरलं असतं तरी काही फरक पडला नसता.

आता पाणी जॉइंटकडेच का येत होतं? पाण्याची लेव्हल ट्यूब लावून बघितलं तर पूर्ण पोडियमचा ढाळ दोन्ही बाजूंनी जॉइंटकडे. कारण साधं आहे आणि मी हे इतर ठिकाणीही पाहिलंय. रेन वॉटरचे पाइप कॉलमच्या आडोशाने खाली नेणं सोयीचं असतं, जॉइंटपाशी कॉलमची जोडी असते, तिथे पाइप छान लपतात, म्हणून आउटलेट तिथे येतात आणि आउटलेट तिथे म्हणून ढाळही तिकडेच. ड्रॉइंगवर प्लंबिंगवाला एक रेघ मारतो, स्ट्रक्चरवाला दुसरी, आणि स्ट्रक्चरची सगळ्यात नाजूक फट पोडियमची सगळ्यात खोलगट जागा होऊन बसते. इथे तर कोबा बसल्यामुळे आउटलेटची जाळी जॉइंटपेक्षा १२ मिमी वर राहिली होती. उरलेलं पाणी दुसरीकडे जाणारच नव्हतं.

पर्याय

पहिला पर्याय परत सीलंट, पण या वेळी शास्त्रशुद्ध. थर्माकोल काढायचं, कडा घासायच्या, प्रायमर, बॅकर रॉड, रुंदीच्या निम्मी खोली, आणि काम मे ऐवजी फेब्रुवारीत, जेव्हा फट मधल्या मापाला असते. खर्च सगळ्यात कमी. पण कोब्यातल्या पाण्याला याने उत्तर मिळत नव्हतं.

दुसरा, खालून पन्हळ टांगायची. कमिटीत बहुतेकांचं मत याच्या बाजूने होतं कारण वरचं पार्किंग एक दिवसही बंद करावं लागत नाही. खजिनदार काकांचं म्हणणं होतं, "अहो पाणी पडू दे ना, गाडीवर नको पडायला एवढंच तर आहे." गाड्यांपुरतं ते खरं होतं. पण पन्हळीत पडायच्या आधी ते पाणी बीमच्या दोन्ही कडा भिजवतच जाणार, आणि गंज चालूच. शिवाय ३० मीटरच्या पन्हळीला शंभरला एक ढाळ दिला तर एका टोकाला ३०० मिमी उतरावं लागतं, खाली हेडरूम आधीच कमी, स्प्रिंकलरची लाइन वेगळी.

तिसरा, पूर्ण पोडियम उकलून नवीन वॉटरप्रूफिंग. तांत्रिकदृष्ट्या याला तोड नाही. खर्च चौथ्या पर्यायाच्या चार-पाच पट आणि वरची सगळी पार्किंग कित्येक महिने बंद.

चौथा, जॉइंटच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचा पट्टा मूळ स्लॅबपर्यंत उकलायचा, ढाळ उलटा करायचा म्हणजे जॉइंट उंचवट्यावर येईल, आउटलेट जॉइंटपासून लांब न्यायचे, फटीत रबरी मेम्ब्रेनचा झोळ बसवायचा आणि तरीही चुकून काही आलंच तर त्यासाठी खाली छोटी पन्हळ.

काय ठरलं आणि कसं ठरलं

माझा कौल चौथ्याला होता, पण निर्णय अडला वेगळ्याच ठिकाणी. रेरा, म्हणजे रिअल इस्टेट कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे पझेशनपासून पाच वर्षांत स्ट्रक्चरचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. सोसायटीची पाच वर्षं संपायला काही महिने उरले होते. बिल्डरने तोंडी सांगितलं, "आम्ही परत सीलंट भरून देतो." घ्यायचं की नाही?

फुकट मिळतंय तर घ्या असं म्हणणारे बरेच होते. सेक्रेटरी मॅडम ठाम राहिल्या आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं, कारण एकदा तिसरं सीलंट स्वीकारलं असतं तर एक पावसाळा ते बघण्यात गेला असता आणि पाच वर्षं संपली असती. त्यांनी पाँडिंग टेस्टचे तारखेसकट फोटो, लेव्हलची मापं आणि माझा रिपोर्ट जोडून लेखी नोटीस दिली, त्यात दोष "सीलंट खराब" असा न लिहिता "ढाळ जॉइंटकडे आणि आउटलेटची जागा चुकीची" असा लिहिला. हा फरक महत्त्वाचा ठरला. सीलंट म्हटलं असतं तर सीलंट मिळालं असतं. वाटाघाटीत बिल्डरने उकलणं, आउटलेट आणि वॉटरप्रूफिंग आपल्याकडे घेतलं, पन्हळ, कव्हर प्लेट आणि बीमची दुरुस्ती सोसायटीने. पूर्ण खर्च मिळवण्यासाठी रेराकडे तक्रार करता आली असती, पण त्यात पावसाळा हातचा गेला असता, म्हणून जनरल बॉडीने हे मान्य केलं.

प्रत्यक्ष काम

उकलल्यावर आधी बीमच्या कडा. सैल काँक्रीट काढून, सळया घासून, गंजरोधक कोटिंग आणि पॉलिमर मॉर्टर. फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलाइन काँक्रीटवर गुलाबी होणारं रसायन) मारून बघितलं तेव्हा बहुतेक ठिकाणी गुलाबी रंग सळईच्या बराच आधी उमटला, म्हणजे आतलं काँक्रीट अजून अल्कलाइन, शाबूत होतं. नशीब म्हणायचं.

नवीन आउटलेट जॉइंटपासून पावणेदोन-दोन मीटरवर घेतले. स्लॅबला भोकं पाडायच्या (कोअर कटिंगच्या) आधी स्कॅनर फिरवून सळया कुठे आहेत ते बघून खुणा केल्या, बीमला हात लावला नाही. उरलेल्या जुन्या कोब्याची कापलेली कड उघडी होती आणि तिच्यातून पाणी झिरपत राहणारच, त्यामुळे त्या कडेला खडीची नाली केली आणि आउटलेटला स्लॅबच्या लेव्हललाही भोकं ठेवली. लोक फक्त वरची जाळी बघतात, पण कोब्यात अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला खालीच वाट लागते. माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात उपयोगी भाग हाच.

मग फटीत ईपीडीएम रबराची शीट, दोन्हीकडे १५० मिमी थेट मूळ स्लॅबला चिकटवलेली आणि मधे झोळ सोडलेला, म्हणजे फट उघडली की झोळ सपाट होतो, ताण येत नाही. त्याच्यावर वॉटरप्रूफिंग, मग काँक्रीटचा उंचवटा, जॉइंटपाशी ४० मिमी आणि दीड मीटरवर शून्य, साधारण चाळीसला एक असा ढाळ, गाडीला जाणवतही नाही. जास्तीचं वजन चालेल का हे स्ट्रक्चरल डिझायनरला विचारलं, पण काढलेला कोबा नव्या थराहून जाड असल्याने वजन उलट कमीच झालं. वर चेकर्ड स्टील प्लेट, एका बाजूनेच पक्की, दुसरी बाजू सरकती. फायर ब्रिगेडची गाडी जायचा मार्ग तोच असल्याने प्लेटची जाडी त्या चाकाच्या हिशोबाने घेतली.

खालच्या पन्हळीचा ढाळाचा प्रश्न तुकडे करून सोडवला. साडेसात मीटरचे चार तुकडे, प्रत्येकाला स्वतःचा पाइप, त्यामुळे उतार फक्त ७५ मिमी. मेम्ब्रेन समजा पूर्ण फाटली तर किती पाणी येईल याचाही अंदाज काढला. तीन मीटरचा पट्टा आणि ३० मीटर लांबी म्हणजे ९० चौरस मीटर, तासाला ६० मिमीच्या सरीत ५४०० लिटर, सेकंदाला दीड लिटर, चार पाइपांत वाटलं तर किरकोळ. क्लॅम्प उघडणारे ठेवले, झाडायला काढता यावी म्हणून. केबल ट्रे जॉइंटखालून हलवली, ते काम इलेक्ट्रिशियनने एका दिवसात केलं आणि खरं तर ते पहिल्याच वर्षी व्हायला हवं होतं.

पुढे काय झालं

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ३० मीटरपैकी जवळजवळ सगळं कोरडं. फक्त एका टोकाच्या कठड्यापाशी ठिबक. तिथे मेम्ब्रेन कठड्यावर ३०० मिमी चढवायची होती, पण ग्रिलचा पाय आडवा आला म्हणून कामगारांनी १०० वरच थांबवली होती. उघडीप मिळाल्यावर ग्रिल कापून ते पूर्ण केलं आणि थांबलं. लाइट ट्रिप होणं बंद.

नवीन तक्रार आली ती आवाजाची. रात्री गाडी प्लेटवरून गेली की खडखड, आणि वरच्या पहिल्या मजल्यावरच्या आजींची झोप मोडायची. सरकत्या बाजूखाली निओप्रीन रबराची पट्टी घातल्यावर आवाज बराच कमी झाला, पूर्ण गेला असं त्या अजून म्हणत नाहीत.

दुसऱ्या पावसाळ्यात दोन आउटलेट पाचोळ्याने तुंबले आणि उंचवट्याच्या शेजारी पाणी साठलं. जॉइंटवरून मात्र गेलं नाही, ४० मिमी उंचीचा फायदा तिथे दिसला. पन्हळ उघडून बघितली तेव्हा आत माती होती, पाण्याची रेघ फक्त एका तुकड्यात.

आज करायचं तर वेगळं काय

पाँडिंग टेस्ट पहिल्याच तक्रारीनंतर व्हायला हवी होती. खर्च विटा, सिमेंट आणि एक टँकर पाण्याचा, आणि ती झाली असती तर दोनदा सीलंट आणि एकदा इंजेक्शन वाचलं असतं. ज्या सोसायट्यांची पझेशन नवीन आहे त्यांनी पाँडिंग टेस्ट जॉइंट सोडून अलीकडे-पलीकडे वेगवेगळी घ्यावी, एकदम सगळं भरलं तर पाणी कुठून आलं ते कळत नाही.

मेम्ब्रेन कठड्यावर कशी चढणार याचं मोठं डिटेल ड्रॉइंग कामाआधी हवं होतं. सरळ ३० मीटर कोणीही नीट करतं, गळतं ते टोकाला, जिथे जॉइंट आडवा असतो तो उभा होतो. आणि त्या दिवशी साइटवर कोणीतरी जबाबदार माणूस उभा असावा.

वाफ्यांना हात लावला नाही, बजेट नव्हतं. जॉइंटला लागून असलेल्या वाफ्याचं वॉटरप्रूफिंग अजून जुनंच आहे आणि तिथलं पाणी कोब्यात जातंच, फक्त आता त्याला बाहेर पडायला वाट आहे. सोसायटीने या वर्षी तिथला स्प्रिंकलर बंद करून वाफा ठिबक सिंचनावर आणलाय, आणि त्या वाफ्याचं काम पुढच्या जनरल बॉडीच्या अजेंड्यावर आहे. आउटलेट आणि पन्हळीची सफाई मे अखेर आणि ऑगस्टमध्ये, हाउसकीपिंगच्या करारात वेगळी ओळ म्हणून घातली आहे, सफाईनंतर सुपरवायझरने प्रत्येक आउटलेटचा फोटो सेक्रेटरी मॅडमना पाठवल्याशिवाय त्या महिन्याचं बिल पास होत नाही.